भिंतीपलीकडचा वाटाड्या

मला तो खेळ पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मनात म्हणाले, जळो मेलं हे! फोनवर चिखलाच्या रंगाचं एक गाव, त्यात बैलाचं तोंड असलेला एक आडदांड गडी, खांद्यावर कुऱ्हाड, आणि तो नुसता चालतोय. चालतोय म्हणजे चालतोयच. ना गाणं, ना गोष्ट. शिमग्यातलं सोंग परवडलं, निदान ते नाचतं तरी. आणि असल्या सोंगापायी माझा नवरा सकाळपासून लोखंडी कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसलेला. चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, आणि मी कप परत न्यायचे.

तसा तर नवराही मला पहिल्या नजरेत आवडला नव्हता. मी अणदूरची. हे मला बघायला येडशीहून आले ते स्वतःच्याच काळी-पिवळी जीपमध्ये सगळे पाहुणे भरून. बघायच्या कार्यक्रमात नवरदेवानं खाली मान घालून पोहे खायचे, बोलायचं काम मोठ्यांनी करायचं, ही आमच्याकडची रीत. यांनी पोह्यांची बशी हातात घेतली आणि थेट गोष्टच सुरू केली. कुणी एकजण शेळी घेऊन जीपमध्ये बसला, शेळीनं पुढच्या बाईच्या डोक्यातला गजरा खाल्ला, आणि उतरेपर्यंत त्या बाईला पत्ताच नाही. माझे वडील हसून हसून खोकले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय, पण तोंडाला झाकण न्हाय." मी आतल्या खोलीत जाऊन रडले. म्हटलं, या माणसाच्या घरात जन्मभर मला एक शब्द बोलायला जागा मिळायची नाही.

मिळाली नाहीच. पण वर्ष-दोन वर्षांत मला ती बडबड अशी अंगवळणी पडली की विचारू नका. हे दुपारी फेरी करून यायचे, अंगणात पाय धुता धुताच सुरू व्हायचे. आज कोण बसलं, कोण भांडलं, कुणाची सून रुसून माहेरी निघाली होती आणि तिला यांनी कशी समजूत घालून त्याच जीपनं परत आणली. मी आत भाकरी थापत ऐकायचे. "ऐकतीस ना?" असं मधेच विचारायचे. "न ऐकून सांगते कुणाला," मी म्हणायचे. आमच्यात लाडाचं बोलणं म्हणाल तर तेवढंच होतं.

मग रामलिंगच्या उतारावर एक माकड आडवं आलं. रामलिंग म्हणजे आमच्या गावाजवळचं रानातलं महादेवाचं देऊळ, तिथं माणसांपेक्षा माकडं जास्त. यांनी जीप वळवली, ती दगडावर चढली आणि आडवी झाली. मागच्या सगळ्यांचं खरचटण्यावर निभावलं. पुढच्या सीटवर एक म्हातारे बाबा होते, दर सोमवारी बेल घेऊन देवाला जाणारे, यांच्याच जीपनं जाणारे. ते जागच्या जागी गेले. पोलिसांनी माकड लिहिलं. मागं बसलेल्यांनी माकड सांगितलं. बाबांचा मुलगा स्वतः आमच्या घरी येऊन म्हणाला, "तुमचा काय दोष न्हाय, त्यांचं तेवढंच होतं." हे ऐकत होते. त्या दिवसापासून यांनी तोंड उघडलं नाही.

पहिले काही दिवस आम्हाला वाटलं धसका आहे, उतरेल. मग वाटलं घशाला काही झालं. धाराशिवला नेऊन दाखवलं, घसा ठणठणीत होता. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, वेळ लागेल, तुम्ही मात्र बोलत राहा, रागावू नका. मी बोलत राहिले. अहो, आज भाजी कशी झालीय? अहो, पावसाचं काही खरं दिसत नाही. मान हलवायचे, तीही धड हो नाही, धड नाही नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लिंबू उतरवून टाकलं, मीठमोहरी ओवाळली, ज्या देवाच्या वाटेवर हे झालं त्याच देवाला नवस बोलल्या. जीप विकून टाकली. घरात आम्ही तीन माणसं, त्यातलं एक असं. आत्या आणि मी सुद्धा हळूहळू कमी बोलायला लागलो, कारण दोघींनीच बोलत राहायचं तर बोलायचं तरी काय.

त्यातच कधीतरी तो खेळ घरात शिरला. कुणी शिकवला देव जाणे.

माझा भाऊ राखीला आला. चहा पीत यांच्यादेखत मला म्हणाला, "दिवाळीला न्यायला येतो. आन ह्या वेळेला परत पाठवायला न्हाय नेत. मुक्याबरोबर किती दिवस काढशील?" जसं काही यांचे कानही गेले होते. माझ्या पदरात लेकरू नव्हतं, म्हणून दादाला ते सोपं वाटत होतं. मी भांडले. पण वडीलही दादाच्याच बाजूचे, आणि खरं सांगते, आत्यासुद्धा एकदा पाठ फिरवून म्हणाल्या, "जा बाई. माझ्या पोरापायी तुझं तरी वाळवण कशाला." मला नवरा बोलता करायचा होता, आणि दिवाळीच्या आत करायचा होता. बाकी देवाकडं माझं काहीच मागणं नव्हतं.

एक दिवस हे अंघोळीला गेले आणि फोन कॉटवर उघडाच राहिला. बैलतोंड्या वेशीवर उभा होता. खाली अक्षरं सरकत होती. मी वाकून वाचली. आमच्या यांनी लिहिलं होतं, "भावा घाबरू नको. माझ्या पाठीमागं चाल. लांडगा आला तर थांबायचं, पळायचं नाही. पळालास की मागं लागतो." त्याच्यावर अजून होतं. कुणाला तरी शेळीची आणि गजऱ्याची गोष्ट सांगितलेली होती! कुठल्या कुठल्या नांदेडच्या, कोल्हापूरच्या पोरांना भावा भावा करून, हसण्याच्या चित्रांसकट सांगितलेली. आणि मला घरात एक हुंकार मिळत नव्हता.

आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला राग आला. असा राग आला की फोन उचलून हौदात बुडवावा. मी बाई जिवाचं रान करतेय, आणि याची जीभ तिकडं परक्यांत शाबूत! मी तशीच शिवणयंत्रावर जाऊन बसले आणि कुणाच्यातरी ब्लाउजची बाही उलटी जोडली. उसवायला घेतली तेव्हा डोक्यात आलं, की त्याला परकेच पाहिजेत ना? मग आपण परकं होऊन जाऊ.

आता माझी गंमत ऐका. खेळ आपल्या फोनवर उतरवून घ्यायचा तर त्याचं नाव मला वाचता आलेलं नव्हतं, नुसतं तलवारीचं चित्र लक्षात होतं. तलवारीची चित्रं तिथं रगड. मी भलताच खेळ घेतला. पण काय सांगू, तो उघडला आणि मी हरखूनच गेले. निळं आभाळ, झाडाझाडाला फुलं, पाण्यावर ऊन हलतंय, आणि मला पांढरा घोडा. माझ्या बाईला पायघोळ झगा, केसांत मोती. म्हटलं, बया! हे सोडून माझा नवरा त्या चिखलात कशाला बसतो? मी दिवसभर घोडा पळवला. दुसऱ्या दिवशी झगा बदलला. पण कुणाला काही विचारावं तर कुणी उत्तर देत नव्हतं. सगळे आपापल्या घोड्यावर, आपापल्या झग्यात. राक्षस समोर आला की आपोआप मरायचा, आपण नुसतं बोट टेकवायचं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं नऊही भरले नाहीत. नवराही तिथं कुठं दिसेना, तेव्हा कळलं आपण चुकलो.

मग यांच्या फोनवरचं चित्र नीट बघून घेतलं आणि खरा खेळ सापडला. तो उघडला आणि मी कपाळाला हात लावला. सुरुवातीला एक फाटकी बंडी, पायात बूट, हातात काठी. गडी इतका हळू चालायचा की मी फोन झटकून बघितला. मी मुद्दाम पुरुष घेतला होता, हाडकुळा, कारण बाई दिसली असती तर हे बोलले नसते. गावाबाहेर पडले, लांडग्यानं खाल्लं. पुन्हा गावात उठले, पुन्हा गेले, पुन्हा खाल्लं. खेळ आहे का शिक्षा, मला कळेना. या पहिल्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, असला भिकार खेळ जगात दुसरा नसेल.

तिथली रीत नंतर समजली. नवीन माणूस त्या चिखलगावात उपजतो. शहर रानाच्या पलीकडं, आणि रानात लांडगे. एकट्यानं जाता येत नाही. जे गडी मोठे होतात ते शहरातून पुढं राक्षस मारायला, खजिने आणायला जातात, आणि कुणी मागं वळून बघत नाही. आमचे हे सगळ्यांत मोठे झालेले होते आणि वेशीवर उभे होते. तीन-चार नवीन जमले की निघायचे. सीट भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, तसं. रानापलीकडं सगळ्यांना सुखरूप उतरवायचं आणि रिकामं परत यायचं. जो माणूस घरातून रस्त्यावर पाय टाकत नव्हता, तो तिथं दिवसभर फेऱ्या मारत होता.

मग एका दुपारी मीही त्या वेशीवर जाऊन उभी राहिले. हे बाहेरच्या खोलीत कॉटवर, मी आत ओट्यापाशी, मधे एक भिंत. आत्या अंगणात तूर पाखडत होत्या. बैलतोंड्या माझ्यासमोर आला.

"नवीन का भावा? कुठला?"

मी लिहिलं, "लातूरकडचा. दुकानात कामाला आहे."

"चल. अजून एक येऊ दे, मग निघू. भूक लागली तर पिशवीत भाकर बघ, पहिलीच दिलेली असते."

अगं माय! मला म्हणजे माझ्या त्या हाडकुळ्याला नवऱ्यानं भाकरीचं विचारलं. मी पदर तोंडात कोंबला.

आम्ही निघालो. लांडगे आले, मी थांबले, पळाले नाही. रानाच्या मधोमध एक दगडी देऊळ होतं, त्याच्यातून आरपार गेल्याशिवाय वाट नव्हती. पायऱ्या, खांब, आत अंधार, कुठंतरी घंटा वाजतेय. सगळे आत गेले. मी पायरीपाशी थांबले, पिशवी उघडली, पायातले बूट काढले आणि पायरीच्या कडेला नीट ठेवले. खरं सांगते, मी विचार करून केलं नाही. देऊळ दिसलं, पायताण काढलं, एवढंच. आत पाऊल टाकलं तर फरशीतून जाळ! ती फरशीच निखाऱ्याची होती, बूट होते म्हणून बाकीचे तरून गेले. माझा गडी जागेवर उड्या मारत मारत मेला. आणि मेल्या मेल्या काय दिसलं, तर मागून आलेल्या कुण्या मुडद्यानं माझे बूट उचलून पोबारा केला.

"बूट कुठंयत तुझे?" बैलतोंड्यानं लिहिलं.

"बाहेर काढलेत. देऊळ आहे ना."

आणि मग भिंतीपलीकडून आवाज आला. आधी मला वाटलं खोकला. खोकला नव्हता. हे हसत होते. पोटातून, अडखळत, गंजलेला हातपंप पहिलं पाणी ओढताना करतो तसा आवाज. अंगणात आत्यांच्या हातातलं सूप पडलं. त्या धावत माझ्याकडं आल्या, तूर सगळी मातीत. "हसला का गं? म्या ऐकलं, हसला ना तो?" मी मान हलवली. आम्ही दोघी एकमेकींना धरून आवाज न करता रडलो, कारण आवाज झाला तर हसू थांबेल ही भीती. ते तसंही थांबलं. फोनवर अक्षरं आली, "उद्या ये भावा. बूट मी देतो."

त्यानंतर मी रोज दुपारी जायला लागले, आणि कधी मी नवऱ्यासाठी जात होते आणि कधी खेळासाठी, हे माझं मलाच सांगता येईना झालं. ते चिखलाचं गाव मला आवडायला लागलं. तिथं कुठं विहीर, कुठल्या कोपऱ्यावर कोण उभं असतं, सगळं पाठ. मी आले की नांदेडची पोरं "आले का बूटवाले" म्हणायची. कधी भाजी करपली, कधी कुणाचा ब्लाउज सांगितलेल्या दिवशी झाला नाही. तो फुलांचा खेळ फोनात तसाच पडून होता, पांढरा घोडा कुठं बांधलाय ते बघायलाही मी परत गेले नाही. बघताक्षणी भुलवतं ते वेगळं आणि आपण परत परत ज्याच्या दारात जातो ते वेगळं, हे मला नवऱ्यावरून कळायला पाहिजे होतं, कळलं या असल्या खेळावरून.

पण दिवाळी जवळ येत होती. घरात यांची मान तशीच हलायची, धड हो नाही, धड नाही नाही. ते एक हसू सोडलं तर भिंतीच्या अलीकडं काहीच आलं नव्हतं. मी तिकडं हळूहळू विचारायला लागले. भावा, तू काय काम करतोस? "काही नाही. आधी गाडी चालवायचो." सोडलीस का? त्यावर बैलतोंड्या नुसता चालायचा. मीही मागं चालायचे. मी कधी रेटलं नाही, आणि एरवी तर मी कशी रेटणारी आहे ते आत्यांना विचारा.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. शहराच्या वेशीपाशी पोचलो तरी ते परत फिरेनात. आणि मग लिहायला लागले, थांबत थांबत.

"लोक म्हणतात माकड आलं. आलं होतं. पण मी समोर बघत नव्हतो. मान मागं वळवून मागच्यांना गोष्ट सांगत होतो. बाबा म्हणाले पण होते, आधी समोर बघ रे. त्यांना म्हटलं, ऐका तर बाबा, आता मजा येणारय."

मग जरा वेळानं, "तोंड उघडलं की माणूस मरतं माझ्यानं. म्हणून बंद ठेवलंय. इथं अंगठ्यानं बोलतो, ते चालतं."

मी ओट्याची कड घट्ट धरली. घरात डॉक्टर झाले, लिंबं झाली, नवस झाले, आणि या माणसानं आपली जीभ अशी कोंडून ठेवली होती की कुणी मरू नये! आम्ही मरू नये म्हणून! मी लिहिलं, "घरी सांगितलं का?"

"कुणाला सांगू. आईला? बायकोला? ती बिचारी रोज बोलते. लई बोलते. तिच्याकडं बघवत नाही मला. दिवाळीला तिचा भाऊ नेणारय तिला. गेलेली बरी."

"आणि मग?"

"मग काय. ती गेली की कुणाचा जीव अडकलेला राहत नाही. तेव्हा हा फोनही ठेवून देणार आणि सगळंच."

सगळंच म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला कळलं. गॅसवर दूध होतं ते उतू गेलं, त्याचा वास आला, तरी मी हलले नाही. काय लिहू? परक्यानं काय लिहायचं असतं अशा वेळी? भावा असं नको बोलू? लातूरच्या दुकानातल्या कुणाचं ऐकून कोण थांबतं? आणि मी कोण आहे ते सांगितलं तर या माणसाची बोलायची ही एकच जागा होती, तीही मी जाळली असं होणार. देवाशी भांडले, त्या माकडाला शिव्या दिल्या, दादाला दिल्या. शेवटी गॅस बंद केला आणि फोन हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

हे कॉटवर होते. मी समोर जमिनीवर बसले आणि माझा फोन त्यांच्या फोनाशेजारी धरला. त्यांच्या फोनवर माझा हाडकुळा दिसत होता, समोरून. माझ्या फोनवर त्यांचा बैलतोंड्या.

"मी कुठं जात नाही," मी म्हणाले. "दादा आला तरी जात नाही. आणि तुम्हीही कुठं जायचं नाही."

यांनी एकदा या फोनकडं बघितलं, एकदा त्या. मग माझ्याकडं. तोंड पांढरं पडलं, आणि बघता बघता लाल झालं. हातातला फोन त्यांनी भिंतीवर मारला.

"कुणी सांगितलं तुला!"

आवाज फाटका, कधी न ऐकलेला. मी दचकून मागं सरकले.

"कुणी सांगितलं तुला तिथं यायला! चोरून ऐकतीस? लाज न्हाय वाटली? एवढी एक जागा होती मला, तिथं बी येऊन बसलीस! भावा भावा म्हणत होतो मी तुला..." हे उभे राहिले होते. लाळ हनुवटीवर आलेली. मला जन्मात कुणी एवढं बोललं नव्हतं, आणि लागत होतं, प्रत्येक शब्द लागत होता. मी म्हणाले, "बोला. अजून बोला. वाट्टेल ते बोला."

आत्या दारात आल्या. मी हातानं थांबवलं त्यांना. त्या उंबऱ्यावरच थांबल्या, हातात झाडू तसाच.

हे त्यांच्याकडं वळले आणि राग कुठल्याकुठं गेला. लहान लेकरासारखं तोंड झालं.

"मीच बोलत होतो, आये," हे म्हणाले. "माकड नंतर आलं. मी मागं बघून बोलत होतो. मी तोंड बंद ठेवलं असतं तर बाबा घरी गेले असते."

एवढं बोलले आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. डोळे मोठे झाले. माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग आत्यांकडं, तसंच. मग परत माझ्याकडं, माझी छाती वरखाली होतेय का तिथं नजर थांबली. मला आधी उमगेना हे काय शोधताहेत. मग उमगलं. आमच्या दोघींतलं कुणी मेलं तर नाही ना, ते बघत होते.

आत्यांनी झाडू टाकला. आत आल्या, लेकासमोर उभ्या राहिल्या आणि त्याचे हात तोंडावरून काढायला लागल्या. ते निघेनात.

"न्हाय मेलं रे कुणी," त्या म्हणाल्या. "बघ. आमी हाय दोघीबी. बोल."